वाचकांचे प्रश्न : फोन उशाशी ठेवून झोपणारे वैमानिक

प्रश्न : मी रेल्वेच्या सोलापूर विभागातून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची अकरा वर्षे क्रू लॉबीत, म्हणजे मालगाड्यांच्या चालकांना आणि गार्डांना ड्युटी लावण्याच्या टेबलावर गेली. माझा भाचा अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे आणि गेली दीड वर्षे तो ‘रिझर्व्ह’वर आहे. एखाद्या महिन्यात तो चारच दिवस उडतो, तर एखाद्या महिन्यात अठरा दिवस घरी फिरकत नाही. विचारले की म्हणतो, “मामा, इथे सगळे सिनिऑरिटीवर चालते.” आमच्याकडे मालगाडीला जो आधी मोकळा झाला तो आधी निघत असे, मग तो कितीही जुना असो. वैमानिकांमध्ये ज्येष्ठतेचा मान राखून कामाचा भार सारखा कसा वाटतात, हे समजावून सांगाल का?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : आपले पत्र वाचताना मला माझे जुने टेबल आठवले, कारण विमान कंपनीच्या क्रू कंट्रोलमध्ये रात्रपाळीला बसून मीही वर्षानुवर्षे हेच काम केले आहे, आपण इंजिनांना माणसे पुरवीत होतात, मी विमानांना. त्यामुळे आपल्या भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे, हे आधी सांगतो. ज्येष्ठतेवर तिथे पुष्कळ काही चालते, पण ज्येष्ठतेने काम कमी होते असे नाही. ज्येष्ठतेने मिळते ती निवड. काम किती पडणार हे ठरवणारे नियम निराळे आहेत, आणि ते पुष्कळदा ज्येष्ठतेच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

रिझर्व्ह म्हणजे काय, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पुढच्या महिन्याचे वेळापत्रक तयार झाले की बहुसंख्य वैमानिकांच्या हाती त्या महिन्याची ठरलेली उड्डाणे पडतात. तिकडे त्याला ‘लाइन’ म्हणतात. उरलेल्यांच्या हाती उड्डाणे नसतात, फक्त तारखा असतात, आणि त्या तारखांना ठरलेल्या तासांत त्यांनी फोन आला की निघण्याच्या तयारीत राहायचे असते. कोणी आजारी पडला, कोणी धुक्यामुळे परगावी अडकला, कोणाची ड्युटीची मर्यादा वाटेतच संपली, की या मंडळींतून माणूस उचलायचा. आपल्याकडच्या कंपन्यांत याला स्टँडबाय म्हणतात.

आता ज्येष्ठता. अमेरिकी कंपन्यांत ती वयावर नसते आणि विमान चालवण्याच्या एकूण अनुभवावरही नसते. वैमानिक त्या कंपनीत कोणत्या तारखेला रुजू झाला, एवढ्यावरच त्याचा क्रमांक ठरतो. वीस वर्षे नोकरी झालेला कॅप्टन कंपनी बुडाल्यामुळे दुसरीकडे गेला, तर तिथे तो यादीच्या तळाशी जातो आणि कालपरवा लागलेल्या तरुणानंतर त्याचे नाव येते. या क्रमांकाचे मोल किती असावे? २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा दोन ज्येष्ठता याद्या कशा जोडायच्या यावरून वाद पेटला. २००७ मध्ये लवादाने निकाल दिला, तरी पुढे कित्येक वर्षे एकाच कंपनीचे वैमानिक दोन वेगळ्या याद्यांवर उडत राहिले.

ही पद्धत एका अर्थी आपल्याच खात्यातून तिकडे गेली, हे वाचून आपल्याला बरे वाटेल. १९२६ चा अमेरिकी रेल्वे कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला, आणि कोणाला कोणती फेरी द्यायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता तारखेवर सोडायचे, हा रेल्वेतला रिवाज १९३१ साली स्थापन झालेल्या वैमानिकांच्या संघटनेने नेटाने धरून ठेवला. ज्येष्ठतेत गुणांची कदर नाही हे खरेच, पण वशिल्यालाही तिथे जागा नाही, आणि फेऱ्या वाटण्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व जास्त कळते.

वाटपाचे टप्पे दोन असतात, आणि भाच्याची गल्लत बहुधा इथेच होत असावी. पहिला टप्पा महिन्यातून एकदा येतो. प्रत्येक वैमानिक आपली पसंती संगणकात भरतो आणि ज्येष्ठता यादीच्या वरच्या टोकापासून एकेकाचे मागणे भागवत यंत्रणा खाली येते. तळापर्यंत पोहोचेस्तोवर चांगल्या लाइन संपलेल्या असतात आणि दिवाळी-नाताळची सुट्टी कधीच वाटली गेलेली असते. उरतो तो रिझर्व्ह, आणि त्यातही शनिवार-रविवारचा. इथे ज्येष्ठतेचे पूर्ण राज्य आहे. मात्र इथे क्रमांक सबंध कंपनीत मोजत नाहीत. तो त्या तळावरच्या (म्हणजे वैमानिकाची ड्युटी जिथून सुरू होते त्या शहरातल्या), त्या विमानप्रकारावरच्या आणि त्या खुर्चीतल्या लोकांत मोजतात. त्यामुळे फर्स्ट ऑफिसर म्हणून उत्तम लाइन मिळवणारा माणूस कॅप्टन झाला की कॅप्टनांच्या यादीत शेवटचा ठरतो आणि पुन्हा रिझर्व्हवर येतो. पगार वाढतो, पण घर दुरावते. बढती दारात उभी असताना दोन-तीन वर्षे तिला थोपवून धरणारे कितीतरी जण असतात, ते यामुळेच.

उलटही घडते. तळापासून वीस मिनिटांवर राहणारा एखादा फार ज्येष्ठ वैमानिक मुद्दाम रिझर्व्ह मागून घेतो. रिझर्व्हवरच्या माणसाला महिन्याकाठी ठरावीक तासांच्या पगाराची हमी असते; पुष्कळ करारांत ती ७० ते ७५ तासांच्या आसपास असते. फोन आला नाही तरी ती रक्कम मिळतेच. आपल्या जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या दारात भोंग्याच्या वेळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराची आणि रिझर्व्ह वैमानिकाची जात एकच, दोघेही दुसऱ्याच्या गैरहजेरीवर जगणारे. फरक एवढाच की बदलीवाल्याला काम न मिळाल्यास रिकाम्या डब्यासह घरी जावे लागे, आणि वैमानिकाच्या वाट पाहण्याला कराराने किंमत लावलेली आहे. ही किंमत मोजावी लागते म्हणूनच कंपनी रिझर्व्हवर माणसे मोजकीच ठेवते, आणि मोजकी ठेवते म्हणूनच सुट्टीच्या मोसमात त्यांची दमछाक होते.

दुसरा टप्पा रोजचा. रिझर्व्हवरच्या लोकांपैकी आज फोन कोणाला करायचा? आपल्या लॉबीतला ‘आधी मोकळा तो आधी’ हा नियम विमान कंपन्यांनीही वापरून पाहिला आहे, पण तिथे तो लंगडा पडतो. मालगाडीची एक फेरी साधारणतः एका ड्युटीची असते, त्यामुळे पाळ्या सारख्या झाल्या की कामही जवळपास सारखे होते. वैमानिकाची फेरी मात्र एका दिवसाची असेल किंवा चार दिवसांची. पाळीपाळीने पाठवले तर एकजण चार पाळ्यांत चार दिवस उडेल आणि दुसरा तेवढ्याच पाळ्यांत सोळा दिवस.

म्हणून आधी दिवस पाहतात. एक उदाहरण घेऊ. पहाटेचे पाच वाजले आहेत आणि दोन दिवसांची एक फेरी अचानक मोकळी झाली आहे. टेबलासमोर तीन नावे आहेत. पहिला सर्वांत ज्येष्ठ. त्याचे रिझर्व्हचे सलग चार दिवस शिल्लक आहेत आणि या महिन्यात तो २२ तास उडाला आहे. दुसरा मधला, त्याचे दोन दिवस शिल्लक, ३८ तास झालेले. तिसरा यादीत शेवटचा; त्याचेही दोन दिवस शिल्लक आणि ५१ तास झालेले. केवळ भार सारखा करायचा म्हटले तर २२ तासवाल्याला पाठवायला हवे. पण तो आज दोन दिवसांसाठी गेला आणि संध्याकाळी चार दिवसांची फेरी मोकळी झाली, तर तिला माणूसच उरणार नाही. त्यामुळे दोन दिवसांची फेरी दोन दिवस शिल्लक असलेल्यांतच वाटायची, आणि त्या दोघांत ज्याचे तास कमी त्याला आधी, असे ठरते. ३८ तासवाला निघाला. इथवर ज्येष्ठतेचा प्रश्नच आला नाही.

आता याच गटात ज्येष्ठाला ‘ही फेरी मला नको’ म्हणण्याचा हक्क करारात असेल, तर चित्र पालटते. मधला नाही म्हणतो, फेरी शेवटच्याकडे जाते, त्याचे ५१ चे ६२ होतात, आणि महिनाअखेरीस यादीच्या तळाशी असलेला हा तरुण सर्वांत जास्त उडालेला असतो, तेही सर्वांनी नाकारलेल्या फेऱ्यांवर. शहाणे करार म्हणून नकाराच्या हक्काला कुंपण घालतात: घ्यायची असलेली फेरी ज्येष्ठाने आधी मागावी, पण नाकारायची असेल तर खालच्याचे तास ठरावीक मर्यादेच्या आत असतील तोवरच नाकारावी. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला नियम हाच. हवे ते मागण्याला ज्येष्ठता पुरते. नको ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला ती पुरू नये.

या दोहोंच्या वर तिसरी गोष्ट आहे, आणि तिच्यापुढे कराराचे वा ज्येष्ठतेचे काही चालत नाही. ती म्हणजे थकव्याचा कायदा. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटे विमान कोसळून जमिनीवरच्या एका व्यक्तीसह ५० जण दगावले. थकवा हे त्या अपघाताचे मुख्य कारण ठरले नाही, पण त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, हे चौकशीत उघड झाले, आणि जुन्या विश्रांती-नियमांवर जोरात चर्चा सुरू झाली. तिच्यातून जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार घरी बसून वाट पाहण्याचा कालावधी एका वेळी १४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि वाट पाहण्याचे ते तास हिशेबात धरले जातात. दोन वैमानिकांच्या विमानावर, वाट पाहणे सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त १६ तासांत ड्युटी संपलीच पाहिजे. भाच्याचा रिझर्व्ह पहाटे पाचला सुरू झाला आणि त्याला दुपारी चारला विमानतळावर बोलावले, तर रात्री नऊपर्यंतच त्याच्याकडून काम घेता येते, मग दिवसभर तो घरी झोपून का असेना. विमानतळावरच बसवून ठेवले असेल, तर बसल्या क्षणापासून ती ड्युटीच मानतात.

या नियमामुळे भाराचा तोल आपोआप थोडा सावरतो, कारण सकाळी वापरलेला माणूस संध्याकाळी वापरताच येत नाही. पण टेबलावर बसणाऱ्याला हात आखडून घ्यायला लावणाराही हाच नियम आहे. सकाळच्या माणसांना साध्या फेरीवर खर्च करावे की दुपारच्या वादळासाठी राखून ठेवावे, या विवंचनेत माझ्या कित्येक पहाटा गेल्या आहेत.

एक कबुली द्यायला हवी. मी ज्या कंपनीत होतो तिथे यादी संगणकावर होती, तास समोर दिसत होते, आणि तरीही माझ्या पाळीत एका तरुण फर्स्ट ऑफिसरला इतरांपेक्षा वारंवार बोलावणे गेले. कारण लाजिरवाणे होते: तो पहिल्या रिंगला फोन उचलत असे. पहाटे पावणेचारला विमान सुटायला तासाभराची निकड असताना, तीनदा फोन करूनही न उचलणाऱ्या माणसाच्या मागे लागण्यापेक्षा मी सरळ त्याचा नंबर फिरवत असे. यादीतला क्रम मोडायला ‘तातडीची गरज’ हा शेरा पुरत असे आणि तो शेरा मीच लिहीत असे. तीन महिन्यांनी तो मुलगा टेबलाशी आला, स्वतः वहीत लिहून ठेवलेल्या तारखा माझ्यापुढे ठेवल्या, आणि आवाज न चढवता एवढेच विचारले, “सर, फोन उचलतो हा माझा गुन्हा का?” त्यानंतर मी प्रत्येक न उचललेला फोन वेळेसह नोंदवू लागलो, आणि पंधरा दिवसांत बाकीचेही फोन उचलू लागले. नियम कितीही समतोल लिहिला तरी त्याची अंमलबजावणी अर्धवट झोपेतला एक माणूस दुसऱ्या अर्धवट झोपेतल्या माणसाला फोन लावून करतो, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

भाच्याच्या चार आणि अठरा दिवसांबद्दल: तो एका महिन्यात लांब सूचनेच्या रिझर्व्हवर, म्हणजे साधारण बारा तास आधी कळवले जाते अशा प्रकारात असेल आणि दुसऱ्या महिन्यात दोन-तीन तासांत हजर व्हायच्या प्रकारात, तर एवढा फरक सहज पडतो. हे दोन प्रकारही महिन्याच्या पसंतीतच वाटले जातात आणि तिथे तो अजून तळाशी आहे. तिकडे वैमानिकांना ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावेच लागते. वरची माणसे गेली आणि खाली नवी भरती झाली की त्याचा क्रमांक न मागता वर सरकेल. भरती थांबली, तर मात्र तो आहे तिथेच राहील, अगदी दहा वर्षेसुद्धा. त्यामुळे कंपनी नवी माणसे घेते आहे का, एवढे त्याला पुढच्या फोनवर जरूर विचारा.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. भारतातही नव्या वैमानिकांनाच जास्त स्टँडबाय लावतात का? आणि मागे उड्डाणे रद्द झाली तो गोंधळ याच कारणाने झाला होता का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक खासगी कंपन्यांत महिन्याचे रोस्टर कंपनीच तयार करते; सुट्ट्यांच्या वा फेऱ्यांच्या काही विनंत्या करता येतात, पण अमेरिकेसारखी वरून खाली उतरत जाणारी पसंतीची रांग सर्रास नाही. स्टँडबाय त्यामुळे थोडाथोडा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. ज्येष्ठतेचे खरे वजन इथे कॅप्टनपदाची पाळी कधी येणार यात दिसते. मुलीला स्टँडबायचे दिवस येतील, पण केवळ नवी म्हणून वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडण्याची शक्यता तिकडच्यापेक्षा कमी आहे. याची दुसरी बाजूही तिला माहीत असू द्यावी: रोस्टर कंपनीच्या हाती असले की तास सारखे वाटणे सोपे जाते, पण कोणाला कोणत्या फेऱ्या का मिळाल्या, हे विचारायला वैमानिकाच्या हाती यादी नसते.

गोंधळाचे कारण ज्येष्ठता नव्हते. माणसांची संख्या हे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये ड्युटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, आणि रात्रीच्या वेळेत वैमानिकाने करायच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम न्यायालयीन वादानंतर दोन टप्प्यांत, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणे कोलमडली, ५ डिसेंबरला तर एकाच दिवशी हजाराहून अधिक रद्द झाली, आणि सरकारला काही तरतुदींत तात्पुरती सूट द्यावी लागली. रोस्टर ताणून बसवलेले असले की स्टँडबायवरची माणसे सकाळी दहालाच संपतात, आणि नंतर एका विमानाचा उशीर पुढच्या चार विमानांना लागतो. विश्रांतीचा नियम चुकला, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. नियम जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झाला होता, आणि माणसे भरायला तेवढा अवधी पुरेसा होता.

प्रश्न : सोलापूरहून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वैमानिकाची ड्युटी संपली म्हणून उड्डाण रद्द झाले, तर दुसऱ्या सेवेच्या वैमानिकाला का बोलावत नाहीत?
— एक महाविद्यालयीन वाचक, होटगी रस्ता

उत्तर : कारण ते विमान त्याला चालवता येत नाही, निदान कायद्याने. गोव्याच्या मार्गावर पंख्याचे एटीआर ७२ आले आणि मुंबईच्या मार्गावर एम्ब्रेअरचे जेट. प्रत्येक प्रकारासाठी वैमानिकाच्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि त्यासाठी महिनोन्‌महिने प्रशिक्षण घ्यावे लागते. शिवाय दोन्ही सेवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. सोलापूर हा कोणाचा तळ नसल्यामुळे स्टँडबायवरचा माणूस आपल्या गावात राहतच नाही. तो तळाच्या शहरात असतो, आणि त्याला इथवर आणायला विमानच हवे, जे होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर वैमानिकाविना उभे असते. मोटारीने आणले, तर प्रवासाचे तास ड्युटीत धरले जातात आणि परतीच्या उड्डाणापुरते तास उरत नाहीत. म्हणून अशा छोट्या विमानतळांसाठी क्रू कंट्रोलवाले निघतानाच हिशेब मांडतात: येणारा वैमानिक परत जाईपर्यंतचे तास शिल्लक आहेत का, आणि दोन तास उशीर झाला तरी ते पुरतील का? पुरत नसतील तर तळावरूनच दुसरा वैमानिक पाठवायचा, सोलापुरात येऊन अडकण्याची वाट पाहायची नाही.